वहिनीचा मल्याळम कीबोर्ड

माझी वहिनी परवा गेली, आणि कालपासून सगळे दुसऱ्याच बाईला श्रद्धांजली वाहत आहेत.

रेस्ट इन पीस, सुनीताताई. ओम शांती, सुनीताकाकू.

सुनीता हे नाव आमच्या आईने काढलेलं. लग्नात दादाने ते अंगठीने ताटातल्या तांदळावर लिहिलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले.

ती मूळची तंकमणी. पालक्काडची. अंधेरीला एका कंपनीत स्टेनो होती, दादा तिथेच अकाउंट्समध्ये. ऑफिसात सगळे तिला मिस मेनन म्हणत, दादासुद्धा.

आई म्हणाली, तंकमणी कोणाच्या तोंडात बसणार?

तिच्या अंगावरचं सोनं मात्र कोणाला जड झालं नाही.

याच आईने, कॉन्व्हेंटमध्ये एका सिस्टरने माझं मृणालिनीचं मॉली केलं तेव्हा, पदर खोचून शाळेत जाऊन भांडण केलं होतं. आमच्या घरी ती गोष्ट कौतुकाने सांगायचे. मीही सांगायचे. कधी कधी तर वहिनीसमोर.

तर, कीबोर्ड.

गेल्या वर्षी वहिनी म्हणाली, बहिणीला मल्याळममध्ये लिहायचंय. बहीण अम्मू, गावी असते. फोनवरची बारीक अक्षरं वहिनीला दिसत नव्हती, आणि तिची बोटं टाइपरायटरवर वाढलेली. त्यांना खरी बटणं हवीत.

मी बँकेच्या कॉम्प्युटर खात्यातून रिटायर झालेली. म्हटलं, त्यात काय एवढं.

दादाकडचा जुना, बंद पडत चाललेला लॅपटॉप घेतला आणि त्यावर लिनक्स ही हलकी, फुकटची सिस्टीम टाकली. त्यात मल्याळमचा तयार लेआउट, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर ती मांडणी, होता, पण इंग्रजी टायपिंगला सरावलेल्या वहिनीला त्यात एक अक्षर सापडेना. मग म्हटलं, थांब, तुझ्या बोटांचा लेआउट करू.

लिनक्समध्ये ही एक साधी फाईल असते. एका बटणाला एक ओळ. केच्या बटणावर क, एमवर म, एसवर स. मला मल्याळम वाचता येत नाही. वहिनी शेजारी बसून अक्षर दाखवायची, मी त्याला जागा द्यायची. असे कित्येक शनिवार मी चेंबूरहून मुलुंडला दादाकडे गेले.

आपल्या ळच्या जवळचं पण ळ नव्हे असं एक अक्षर आहे. ते म्हणताना माझी जीभ वळेना. वहिनी म्हणाली, "एरवी तर बरी वळते गं, लोकांना बोलताना."

शेवटी झालं सगळं. म्हटलं, आता टेस्ट कर. तुझं नाव टाईप कर.

तिने केलं. मी तिच्या बोटांकडे बघत होते. एसच्या बटणाला बोट लागलंच नाही.

म्हटलं, चुकलंय काहीतरी. फाईल परत उघडली. एसची ओळ तपासली, ठीक होती. लेआउट परत लोड केला आणि तिला म्हटलं, कर परत.

परत तेच. एसला हात नाही.

मी वैतागले. म्हटलं, वहिनी, जन्म गेला तुझा टायपिंगमध्ये, एस कुठे असतो विसरलीस?

ती मांडीवर हात ठेवून बसली होती. मला फाईल खालीवर करू दिली. मग म्हणाली,

"कीबोर्ड बरोबर आहे गं. तू माझं नाव लिहायला सांगितलंस ना?"

स्क्रीनवर होतं:

തങ്കമണി

तंकमणी. त्यातलं प्रत्येक अक्षर मी माझ्या हाताने बटणावर बसवलं होतं.

ती चहा टाकायला उठली.

त्यानंतर रोज दुपारी ती अम्मूला लिहायची. आणि मी तिला वहिनीच म्हणत राहिले. वहिनी म्हटलं की नाव घ्यावं लागत नाही. किती सोयीचं.

परवा ती झोपेतच गेली.

अम्मू विमानाने आली. सोसायटीतल्या बायका तिचे हात धरून सांगत होत्या, सुनीताताई अशा, सुनीताताई तशा. ती प्रत्येकीला नमस्कार करत होती, कोणा परक्याच्या घरी समाचाराला आल्यासारखी.

काल दादा म्हणाला, लिफ्टजवळच्या बोर्डावर लावायला नोटीस करून दे. मी वहिनीचाच लॅपटॉप उघडला. वर मल्याळममध्ये नाव. खाली देवनागरीत, तंकमणी. सुनीता कुठेच नाही.

दादाने ते वाचलं. "मृणाल, लोकांना कळणार नाही कोण गेलं ते."

"मग विचारतील. तू सांग."

"आधार कार्डावर सुनीता आहे."

"आपण जाळलं ते आधार कार्ड नव्हे, दादा."

बोलायला नको होतं. पण बोलले.

तो उठला आणि आतल्या खोलीत अम्मूसमोर जाऊन बसला. मला बाहेर ऐकू येत होतं. एकदा अम्मू म्हणे, एकदा तो. परत अम्मू, परत तो. एक म्हातारा नवरा बायकोचं नाव शिकत होता.

मी लॅपटॉपच्या आड तोंड लपवलं.

आज सकाळी आम्ही खाली नोटीस लावत होतो. तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी दूध घेऊन आले. दादा-वहिनीइतकेच जुने, पण काल रात्रीच गावाहून परतलेले. दर ओणमला वहिनीच्या हातचं पायसम त्यांच्या घरी जायचं. चष्मा वर करून त्यांनी वाचलं.

"कोण हो हे? भाडेकरू का?"

त्यांना काय बोलणार? त्यांना सुनीता आम्हीच दिली होती.

दादा म्हणाला, "माझी बायको. तंकमणी."

झालं. कोणाच्या तोंडात अडकलं नाही. शेजाऱ्यांनी दुधाची पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि हात जोडले.

दादाने ते नाव चारचौघांत घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. जिने ऐकायचं ती नव्हती.

या पोस्टखाली कमेंटमध्ये कृपा करून सुनीता लिहू नका.

तंकमणी, तुला श्रद्धांजली तरी कोणत्या तोंडाने वाहू. नुसता नमस्कार करते.