माझ्या नावाचं ताट

आमच्याकडच्या जुन्या भांड्यांवर बाबांचं नाव कोरलेलं होतं, नव्यांवर दादाचं. माझ्या लग्नासाठी जमवलेली भांडी कोरी होती, कारण ती परक्या घरी जायची. माझं नाव पहिल्यांदा ताटावर आलं ते मिल बंद पडली त्यानंतर.

बाबा मिलमध्ये कारकून होते. ते घरी बसले म्हणून मी पीथमपूरच्या एका नव्या कंपनीत अर्ज केला. नोकरी मिळाल्यातच जमा होती, पण मेडिकलमध्ये रक्तात हेपेटायटिस बी निघाला आणि त्यांनी मला वाटेला लावलं. मग डॉक्टरांनी वर्षभर पुन्हा पुन्हा रक्त तपासून सांगितलं की मी नुसती कॅरिअर आहे. विषाणू अंगात निजलेला आहे, लिव्हर ठणठणीत आहे, फक्त तपासणी सोडायची नाही. पण कुणाकुणात तो मुकाट्याने लिव्हर पोखरत असतो आणि ते चेहऱ्यावरून कळत नाही. एका ताटात जेवून तो लागत नाही, जन्माच्या वेळी आईकडून बाळाला मात्र लागतो. तेव्हा आईचं आणि दादाचंही रक्त तपासा, असं त्यांनी बजावलं.

आईने त्यातला कॅरिअर हा एकच शब्द घरी आणला. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळं ताट घेतलं आणि बाकीच्यांच्या ताटांत गफलत नको म्हणून त्यावर माझं नाव घालून घेतलं. माझ्या सोयरिकीची बोलणीही तिनेच थांबवली. मी दादाच्या तपासणीचं काढलं तेव्हा ती म्हणाली, "एकीला डाग लागला तेवढा काफी आहे. आता पोराची टेस्ट-वेस्ट करून त्याच्या रिश्त्याचे पण वांदे करू का?"

दादा धडधाकट दिसायचा, चार माणसांचं जेवायचा. बाईसाहेबांचं व्हीआयपी ताट लागलं का, म्हणून मला चिडवायचा. मला त्या ताटाचा संताप यायचा, आणि त्याच्या हसण्याचाही.

काही वर्षांनी त्याचं लग्न ठरलं. पहिली पत्रिका खजराण्याच्या गणपतीपुढे ठेवून आलो आणि त्याच आठवड्यात त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. डॉक्टर तेच होते. विषाणूही तोच, पण दादाच्या अंगात तो कधी निजलाच नव्हता. लिव्हर वाळून गेलं होतं. सांगितलं होतं तेव्हाच तपासलं का नाही, असं त्यांनी विचारलं.

आईने माझ्याकडे बोट केलं. "हिचंच लागलं त्याला, डॉक्टरसाब. ताट अलग ठेवलं तरी."

डॉक्टरांनी आईचं रक्त तपासलं. त्यातही तो निघाला, माझ्यासारखाच निजलेला. दोघांना तुमच्याकडूनच आला असणार, असं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं. महिन्याभरात दादा गेला.

तेराव्याची माणसं पांगल्यावर पानं मी घेतली. माझ्या नावाचं ताट आईपुढे ठेवलं. तिने कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि खाली मान घालून जेवली. मला तिची कीव आली नाही. ती होती तोवर मी तिला त्याच ताटात वाढलं.