कर्नल ब्रॅमली यांचे न्यायप्रेम

कर्नल ब्रॅमली यांच्या साठीनिमित्त कुवेतच्या अहमदीतल्या आम्हा मराठी मंडळींनी गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि "तुम्ही त्यांच्या हाताखाली राहिलात, तुम्हीच लिहा," म्हणून हे काम माझ्या गळ्यात मारले. साहेब मराठी वाचतात, हे मंडळींना ठाऊक आहे. मलाही आहे. सांभाळून लिहितो, पण खरे लिहितो.

पन्नासचे दशक सरत होते. साहेब एका कंत्राटदाराच्या वाहतूक विभागाचे प्रमुख, मी नवा कारकून. पहिल्याच दिवशी "काय, रत्नागिरीचे का?" असे त्यांनी स्वच्छ मराठीत विचारले, तेव्हा मी गारच पडलो. मराठ्यांच्या पलटणीत त्यांची तरुणपणाची वर्षे गेली होती. इटलीच्या लढाईत मांडीत गोळी घुसूनही त्यांनी ठाणे सोडले नाही, म्हणून शौर्यपदक मिळाले. नंतर त्यांना पाठीवर घेऊन डोंगर उतरले ते त्याच पलटणीतले, दापोलीकडचे हुसेनभाई. पदक त्यांनाही मिळाले. हेच हुसेनभाई आमच्याकडे पाण्याचा टँकर चालवत.

साहेबांचे उपकार मी नाकारत नाही. माझ्या पत्नीला टायफॉइड झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या गाडीतून डॉक्टर आणले आणि ते बाहेर येईपर्यंत दुखऱ्या पायावर दाराशी उभे राहिले. घरात आले नाहीत, पण उभे राहिले.

आता न्यायप्रेमाविषयी. दरवर्षी ड्रायव्हरांचे डोळे साहेबांसमोर तपासत. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता कधी बदलत नसे, त्यामुळे निम्मे ड्रायव्हर तो पाढ्यासारखा घोकून जात. हुसेनभाईंची नजर धूसर झाली होती. मी म्हटले, "दोन ओळी पाठ करा." ते म्हणाले, "समोर सायेब बसनार. तेंच्या म्होरं खोटा कसा बोलू?" आणि कोटावर पदक लावून गेले.

साहेबांनी उठून पदकाला सलाम केला. मग तक्ता वाचायला सांगितला. हुसेनभाई खरे तेच बोलले, आणि साहेबांनी त्यांना कामावरून कमी केले. टँकर काढून घेतला ते योग्यच झाले. पण फाटकावर हारिसाची, म्हणजे राखणदाराची, जागा रिकामी होती. नोकरी नाही तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नाही; इकामा नाही तर कुवेत नाही, आणि गावी मुली लग्नाच्या. मी रदबदली केली. साहेब म्हणाले, "हुसेन माझा माणूस आहे. म्हणूनच त्याला सवलत देता येत नाही." या वाक्याची सगळ्यांनी वाहवा केली. मला संताप आला, आजही येतो. जिना चढता न येणाऱ्या साहेबांना ही खुर्ची एका मित्राच्या शब्दावर मिळाली, तेव्हा नियम कुठे गेला होता? तक्ता घोकणारे अजून टँकर हाकत आहेत.

शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. त्या काही केल्या लेखणीतून उतरेनात. गेल्या सुट्टीत दापोलीला गेलो. हुसेनभाईंना आता फक्त उजेड कळतो. ग्रंथाचे सांगितले तर म्हणाले, "लिवा भाऊ, अल्ला सायबाला शंभर वर्सां देवो."

मी चिडलो. "त्यांनी तुम्हाला काय दिले?"

"तेनी काय दिला नाय. मी तेला जीव दिलाय. दिलेला जीव परत मागू काय?"

तेव्हा कर्नल ब्रॅमली यांना उत्तम आरोग्यासह शंभर वर्षे लाभोत. ही इच्छा हुसेनभाईंची आहे, माझी नाही.