सडकेचा फायदा

आमच्या गावापासून मालेगावपर्यंत सडक करणं परवडेल का, हे पाहायला एक साहेब आले, तेव्हा मी घरात नवी सून होते. साहेबांनी ओसरीवर बसून मामंजींना विचारलं, "सडकेचा फायदा काय होईल?"

मामंजी तयारच होते. "कापूस, सायेब! गाडीनं नेता नेता बैल थकते. सडक झाली का सारा कापूस मोटारीनं जाईन."

साहेब खूश. मी दाराआड चहा घेऊन उभी. मला कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, की याच वाटेवर, मालेगावच्या अलीकडे, माझं माहेर आहे आणि मला आई दिसत नाही. पण सुनेचं माहेर फायद्यात कोण धरतो? भावाचे बैल शेतातून मोकळे झाले आणि तो दमणी जुंपून न्यायला आला, तरच जायचं. नाहीतर मग कुणाच्या मयतीला.

सडक झाली, मोटार सुरू झाली आणि कापूस मुकाट्यानं बैलगाडीतूनच जात राहिला. "घरचे बैल खुट्याले बांधून मोटारवाल्याले पैसे कायले देऊ?" हे आता मामंजीच म्हणत. मला हसू आवरेना. शेवटी एक दिवस धीर केला.

"मामंजी, माहेरी जाऊन येऊ का?"

"कोणी घ्याले आलं का?"

"नाही. मोटार हाये ना."

"जाय पोरी. रिकामी दिसली त सायेब बंद करतीन. मीच सांगतलं होतं त्यायले, मोटार भरन म्हणून."

कापसाची जागा भरून काढायला मी निघाले, आणि काय सांगू, वाटभर नुसती सुखावले होते.

भर दुपारी मी एकटी दारात उभी. आई ज्वारी पाखडत होती. मला पाहून तिच्या हातातलं सूप सुटलं.

"काय झालं वं? कोण गेलं?"

"कोणी नाही."

"जावई बिमार हायेत?"

"चांगले हायेत."

"मंग काहून आली?"

"अशीच आली. तुले पाह्याले."

"अशीच?" आईनं मला जवळ ओढून बसवलं. माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली, हसली, डोळे पुसले. "माह्या मायकडं मी अशी कधीच गेली नाही वं," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला उठली.