व्हॉल्व्ह कुठेही बसतो

दवाखान्यातल्या मिस्त्रीच्या हाताला यश होतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे. बिघडलेलं यंत्र त्याच्या हाती आलं की मुकाट्यानं वठणीवर येई.

अपवाद एकच. डायलिसिसच्या दोन यंत्रांपैकी एक छोट्याशा व्हॉल्व्हपायी बंद पडलं. मिस्त्रीची थोरली बहीण तिथेच डायलिसिस घेई; तिच्या आठवड्याला तीन पाळ्या होत्या, त्या दोनवर आल्या. ताईच्या सुजल्या पायांत चपला शिरेनात.

व्हॉल्व्ह बनवणाऱ्या देशाचं या देशाशी फाटलं होतं. लढाई न करता जेरीस आणावं म्हणून त्यांनी कायद्यानं मालच अडवला. दवाखान्याच्या वस्तूंना सूट होती, पण ती वस्तू दुसऱ्या कामाची नसावी अशी मेख होती. अर्जातला ‘वस्तूचा उपयोग’ हा रकाना दवाखान्याच्या कचेरीतल्या बाईंनी जाणकार म्हणून मिस्त्रीला भरायला दिला. ‘डायलिसिस’ एवढं पुरलं असतं. पण राहवेल तर तो मिस्त्री कसला! त्यानं पुढे लिहिलं, ‘फार उत्तम व्हॉल्व्ह. बॉयलरलासुद्धा बसतो.’

सूट गेली. दुसरा अर्ज नुसत्या ‘डायलिसिस’चा केला, तर तिकडून उलट प्रश्न आला: आधीचं विधान खोटं होतं काय? हो म्हणावं तर व्हॉल्व्ह मिळेल, पण ते उत्तरच खोटं ठरलं तर दवाखाना कायमचा काळ्या यादीत; नाही म्हणावं तर व्हॉल्व्ह विसरा. बाई म्हणाल्या, कायदा करणाऱ्यांना तुमचा स्वभाव कुठे ठाऊक होता? मिस्त्रीनं चिडून लेथवर तीन व्हॉल्व्ह घडवले. तिन्ही गळले. त्या दिवशी त्याला स्वतःच्या हातांची लाज वाटली.

शेवटी उत्तराचा कागद घेऊन तो ताईच्या खाटेशी बसला. काय लिहू, म्हणाला.

“खरंच बसतो का रे तो बॉयलरला?”

“म्हणजे काय! दोन मिनिटांत बसवून दाखवतो.” तो ताठ झाला होता. मग आपण काय बोललो ते कळून त्याची मान खाली गेली.

ताई हसली, इतकी की तिला धाप लागली. “लहानपणापासून तुला खोटं कधी पचलं नाही. पकडला जाशील, आणि उरलेल्या यंत्राचे भागही येणं बंद होईल. माझ्यासारख्या बाकीच्यांनी काय करायचं?”

तो लिहीना. तेव्हा ताईनं पाय पांघरुणात ओढून घेतले, त्याला दिसू नयेत म्हणून.

“लिही, खोटं नव्हतं म्हणून.”