झेंडूवाल्यांचे सोमवार

मुन्नाभाईच्या केबलच्या कंट्रोल रूममध्ये टीव्हीमागे वायरींचा एक मोठा गुंता पडलेला असायचा. कुठली वायर कुठून आली हे खुद्द मुन्नाभाईलाही सांगता यायचं नाही. पण फेकून देऊ म्हटलं की तो ओरडायचा, "राहू द्या मास्तर! कोणाच्या तरी घरची पिक्चर जाईल!"

आमचे किस्से तसेच साठलेत. एक ओढला की तीन निघतात.

आम्ही म्हणजे पाच जण. मी पंचवटीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. नाना मखमलाबादकडे झेंडू लावायचे. वयानं आणि आवाजानं सगळ्यांत मोठे. खैरनार सटाण्याकडचा, सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर. गुरुजी गोदाकाठी पूजा सांगायचे. आणि पाचवा मुन्नाभाई, कारण टीव्ही त्याचा होता.

पाचही जणांना एकच रोग होता. स्पेनमधला एक फुटबॉल क्लब!

* * *

नव्वदच्या दशकात मुन्नाभाईनं नवी डिश बसवली. तिच्यावर स्पेनची लीग लागायची. पहिल्या दिवशी आम्ही बघत बसलो, पण कुणाच्या बाजूनं बघायचं ते कळेना. कुणाच्या तरी बाजूनं असल्याशिवाय मॅचला मजा नाही. तेवढ्यात बाजार उरकून नाना आले. पडद्यावर गर्द केशरी जर्सीची एक टीम पळत होती.

नाना दारातूनच म्हणाले, "आरं, ही तर आपली माणसं हायेत! झेंडूचा रंग हाय!"

झालं. टीम ठरली. क्लबचं खरं नाव आम्ही पाच जण पाच तऱ्हांनी उच्चारायचो, म्हणून शेवटी सगळ्यांनी 'झेंडूवाले' हेच नाव पक्कं केलं. पुढं कळलं की हा क्लब जेमतेम मधल्या फळीतला. मोठ्या शहरांचे मोठे क्लब सोडून आम्ही नेमका हा धरला होता.

मुन्नाभाई म्हणाला, "नाना, टीम बदली करू का? दुसरी पण आहे, चॅम्पियन आहे."

नाना म्हणाले, "पोरीला स्थळ बघतोय का आपण?"

* * *

लाइव्ह मॅच रविवारी रात्री उशिरा. नानांना पहाटे फुलं तोडायची, गुरुजींना घाटावर पोचायचं, खैरनारची पहिली पाळी. त्यामुळे आम्ही सोमवारी संध्याकाळचं रिपीट बघायचो. आणि त्यासाठी एक कडक नियम होता: सोमवारच्या संध्याकाळपर्यंत स्कोअर कुणी सांगायचा नाही, विचारायचा नाही, कळला तर गिळायचा. फोडला त्यानं सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची.

गुरुजी तर सोमवारी पेपरला हातही लावायचे नाहीत. पण खैरनारच्या कॅन्टीनमध्ये इंग्रजी पेपर यायचा आणि त्याच्या शेवटच्या पानावर एका ओळीत स्कोअर असायचा. खैरनारला वाचल्याशिवाय राहवत नसे. तोंडातून तो शब्द काढायचा नाही, पण त्याचा चेहरा! हरलो असलो की घरात काहीतरी अशुभ घडल्यासारखा यायचा.

नाना वैतागले. "खैरनार, तू तोंड झाकून येत जा!"

तर पुढच्या सोमवारी हा स्कूटरवरून हेल्मेट घालून आला. खोलीत आला तरी काढेना. त्या काळात नाशकात हेल्मेट घालणारा माणूस म्हणजे परगावचा. आम्ही खूश. काहीच कळलं नाही. मॅच बघितली आणि हरलो.

त्याच्या पुढच्या सोमवारी तो बोडका आला. जिंकलो!

मग पुन्हा हेल्मेट. मुन्नाभाईनं काच वर करून त्याच्याकडे बघितलं आणि टीव्हीच बंद केला. "चला, मिसळ खायला."

"काब्रं? मी काय बोलनू?" खैरनार आतून अहिराणीत ओरडला.

गुरुजी म्हणाले, "अरे, जिंकल्यावरसुद्धा घालायचं असतं!"

पण जिंकल्यावर ते त्याला कधी जमलंच नाही. आनंद झाला की त्याला डोक्यावर काही सहन व्हायचं नाही. एवढा मोठा गडी, पण मन पाटीवर लिहिल्यासारखं.

* * *

मग झेंडूवाल्यांचे दिवस आले. कुठून तरी दोन चांगले फॉरवर्ड मिळाले आणि आमची मधल्या फळीतली टीम वर वर चढायला लागली. दसऱ्याच्या सुमारास तर थेट पहिल्या नंबरवर! त्या सोमवारी कारखान्याला सणाची सुट्टी, त्यामुळे खैरनारलाही स्कोअर ठाऊक नव्हता. नानांनी टीव्हीला झेंडूचा हार घातला. असा भरगच्च, की मंदिराच्या दारालाही शोभला असता.

मॅच सुरू झाली आणि शेजारच्या देवळातली आरतीही सुरू झाली. लाऊडस्पीकर आमच्याच खिडकीकडे तोंड करून, त्यामुळे कॉमेंट्री शून्य. तरी झेंडूवाल्यांनी गोल मारला तो डोळ्यांनी दिसला. बॉल जाळीत! आम्ही नाचलो. मॅच संपली तसा खैरनार पळत जाऊन पेढे घेऊन आला. गल्लीत वाटले. आरतीहून परतणाऱ्या बायकांनीही घेतले. कशाचे, असं एकीनं विचारलं तर नाना म्हणाले, "मुलगा झाला!"

आत येऊन मुन्नाभाईनं हार जरा सरकवला. हाराखाली स्कोअर होता. शून्य-शून्य! तो गोल पंचानं नाकारला होता.

हातातला अर्धा पेढा तोंडात टाकत गुरुजी म्हणाले, "आता प्रसाद म्हणून खा."

* * *

त्या सीझनची शेवटची मॅच जिंकलो असतो तर झेंडूवाले चॅम्पियन झाले असते. गुरुजींनी स्वतःहून अभिषेक करायचं ठरवलं. रविवारी सकाळी आम्ही अंघोळी करून हजर. संकल्प सोडायची वेळ आली आणि गुरुजी थांबले.

"यजमानांचं गोत्र?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. स्पेनच्या क्लबचं गोत्र कोण सांगणार? पण गुरुजी त्यांच्या कामात पक्के. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप धरतात, असं म्हणून त्यांनी अकराही खेळाडूंना काश्यप गोत्रात घेतलं आणि पाणी सोडलं.

नाना खूश! "म्हणजे सगळे भाऊ-भाऊ झाले. आता तरी पास देतील एकमेकांला!"

दुसऱ्या दिवशी खैरनार हेल्मेट घालून आला. तरीही आम्ही अख्खी मॅच बघितली. एका गोलनं गेली. गुरुजींचा चेहरा अगदी उतरला होता. माझ्याच उच्चारात काही चुकलं असेल, असं पुटपुटत होते.

हेल्मेटच्या आतून खैरनारचा आवाज आला, "गुरुजी, तुमची चूक नाही. समोरच्या टीमला तरी कुठं गोत्र माहीत आहे? त्यांचंही काश्यपच ना!"

गुरुजी जे हसायला लागले ते थांबेचनात. त्या दिवसाचं दुःख तिथंच संपलं.

* * *

चढायला चार वर्षं लागली, उतरायला दोन पुरली. फॉरवर्ड दोघंही मोठ्या क्लबांनी उचलले. कोच बदलले. खैरनारचं हेल्मेट इतकं वापरात आलं की त्याच्या बायकोला वाटलं, नवरा शहाणा झाला. आणि एका मे महिन्यात झेंडूवाले तळाला जाऊन दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पडले.

खरा धक्का नंतर बसला. टीव्हीवर दुसरी डिव्हिजन दाखवतच नाहीत! सोमवारी आम्ही नेहमीप्रमाणे जमलो, तर पडद्यावर भलतेच रंग.

मुन्नाभाईनं चॅनेलच्या ऑफिसला फोन लावला. "सेकंड डिव्हिजन चालू करा. इथं कस्टमर बसून आहे."

पलीकडून विचारलं, "किती कस्टमर?"

"पाच. त्यात मी पण."

फोन कट!

मी म्हणालो, "नाना, आता दुसरी टीम बघू या. सोमवारी बसायला कारण तरी राहील."

नाना एकदम गंभीर झाले. त्याच वर्षी त्यांनी झेंडूच्या गोण्या बाजारातून परत आणून बांधावर ओतल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी पाहिल्या होत्या.

"मास्तर, भाव पडला म्हणून झेंडू लावायचं सोडलं का मी? टीव्हीवाल्यानं पाठ फिरवली, आपण नाय फिरवायची. परत वर येतील ते. मला यांना एकदा परत या टीव्हीवर बघायचंय."

त्यानंतर दुसऱ्या टीमचं नाव कुणी काढलं नाही. खैरनार सायबर कॅफेत जाऊन स्कोअर बघायचा आणि सोमवारी आम्ही बंद टीव्हीसमोर बसायचो. पडद्याऐवजी खैरनारचं डोकं बघायचो. बस्, तेवढीच मॅच.

* * *

त्या दिवसांत गुरुजींना घाटावर एक गोरा फोटो काढताना सापडला. देश विचारला तर स्पेन! गुरुजी पूजा अर्धवट सोडणारे नव्हेत, पण त्या दिवशी यजमानाला हात जोडून बसवून ते त्या गोऱ्याला धरून मुन्नाभाईकडे घेऊन आले. निरोप गेले, नाना टोपली टाकून आले. मुन्नाभाईनं चहा मागवला. मी मुन्नाभाईच्या हिशेबाच्या फळ्यावर केशरी खडूनं जर्सी काढून विचारलं, "धिस टीम. हाऊ? कमिंग अप?"

त्यानं जर्सीकडे बघितलं. मग ओशाळून म्हणाला की तो फुटबॉल बघत नाही.

मी ते नानांना मराठीत सांगितलं. नानांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग तिकडं राहून करतो काय हा?"

जाताना मात्र त्याला एक हार घातला. म्हणाले, "गाववाला हाय."

* * *

नानांच्या छातीत दुखायला लागलं ते अशाच एका मे महिन्यात. डॉक्टर म्हणाले, बायपास. सोमवारी दुपारी आत घेणार होते. आणि आदल्या रात्री झेंडूवाल्यांची शेवटची मॅच होती. जिंकले तर वर, पुन्हा टीव्हीवर.

नाना पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर होते. खिडकीतून काय दिसतं विचारलं तर कुरकुरले, "काय दिसणार? गेट आणि गाड्या."

घाबरले होते. नाना घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझा हात धरून म्हणाले, "मास्तर, स्कोअर कुणी सांगायचा नाय. नियम म्हणजे नियम. खैरनार येईल तेव्हा बघू."

मी खाली जाऊन थांबलो. खैरनार आला. भर उन्हात, डोक्यावर हेल्मेट, काच खाली. सायबर कॅफेतून तसाच निघाला होता. मी धावत जाऊन पार्किंगमध्ये त्याला गाठलं.

"काढ ते! आधी काढ!"

त्यानं काढलं. डोळे लाल होते. हेल्मेट हँडलला अडकवलं, नळावर तोंड धुतलं आणि जिना चढता चढता तो हसायचा सराव करत होता. वॉर्डात मात्र असा हसला की मलाच क्षणभर वाटलं, जिंकलो!

नानांनी त्याच्या बोडक्या डोक्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गुरुजींना म्हणाले, "चला, आता काय काळजी नाय." स्ट्रेचरवरून जाताना आम्हाला हात केला, वरात निघाल्यासारखा.

ऑपरेशन चांगलं झालं. पुढचे सगळे दिवस खैरनार रोज कारखान्यातून तसाच उन्हातून बोडका यायचा, आणि नाना टीव्हीचा विषय काढायचे नाहीत. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल. खरं कधी आणि कुणी सांगायचं, यावरून आमची खाली रोज भांडणं व्हायची.

डिस्चार्जच्या दिवशी आम्ही त्यांना धरून खाली आणलं. रिक्षा उभी होती. नाना रिक्षाकडे न जाता सावकाश चालत खैरनारच्या स्कूटरपाशी गेले. हेल्मेट अजून हँडललाच होतं. त्यांनी ते काढलं, त्यावरची धूळ सदऱ्यानं पुसली आणि खैरनारच्या डोक्यावर घातलं. हनुवटीखालचा पट्टाही स्वतःच लावला.

मग काचेवर टिचकी मारून म्हणाले, "पुढच्या वर्षी गेटाबाहेरच काढत जा."