फुली नळाच्या बरोबर वर होती

मंडळी, आजचीच गोष्ट लिहिते.

पायाच्या ऑपरेशननंतर आई आज घरी यायची होती. त्याआधी बाथरूममध्ये तिला धरायला दांडा बसवायचा होता. घरातलं छोटं ड्रिल काँक्रीटपुढे नुसतं घरघरतं, म्हणून सकाळीच उलव्याहून पनवेलला पळाले.

"लाकूड, लोखंड, काँक्रीट, तिन्हीला चालेल असं द्या."

दुकानातल्या चाचांनी हॅमरचं, म्हणजे ठोके देत फिरवायचं बटण असलेलं ड्रिल काढलं. "टाइल आरपार होईपर्यंत हॅमर बंद, नाहीतर ती तडकेल. मग चालू. और बेटा, भोक कुठे पाडणार?"

मी मोबाइलमधला फोटो दाखवला. टाइलवर पेन्सिलची फुली.

चाचांचा चेहराच बदलला. "खाली नळ, वर शॉवर. मधे भिंतीत पाइप नसेल का?"

मशीनचा सगळा अभ्यास केला होता, भिंतीचा नाही. चावी देताना बिल्डरने पेढे दिले, पाइपचा नकाशा नाही दिला!

घरी येऊन फुली दोन विती बाजूला सरकवली. भोक पूर्ण होईपर्यंत कान पाण्याच्या आवाजाकडेच होते. पाणी आलं नाही.

दुपारी आई दांडा धरून उभी राहिली. "घट्ट आहे गं," म्हणाली.

खरं सांगा, तुमच्या भिंतीत पाइप कुठून गेलाय, माहीत आहे?