लॅटिनला चाल लावली तेव्हा

विद्यापीठाच्या तपासणी समितीतून आलेल्या सरांनी हात वर केला आणि वाचन थांबलं.

“हे भजनी मंडळ आहे का?” त्यांनी विचारलं.

माझी विद्यार्थिनी सुनीता पुस्तक धरून तशीच उभी राहिली. ती लॅटिन कवितेची एक ओळ वाचत होती. खरं तर गात होती. ती चाल मीच शिकवली होती.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी एम.ए.ला इंग्रजी शिकवायचो, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असतील तोवर नोकरी. एका ऐच्छिक पेपरात लॅटिन छंदांचा भाग होता. तो घ्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून माझ्याकडे आला. मी शाहूवाडी तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. लॅटिन मला येत नव्हतं. उच्चार आणि मात्रा लायब्ररीतल्या पुस्तकांवरून शिकलो, अर्थ भाषांतरावरून.

जाताना सर म्हणाले, “दिवाळीनंतर पुन्हा येईन. तेव्हाही गाणंच ऐकू आलं, तर पेपर बंद करायची शिफारस करीन.”

ते गेल्यावर हेड मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“पेपर गेला तर तुमचे तास गेले. वर्कलोडच उरला नाही तर मी तुम्हाला कुठं बसवू?”

“चालीमुळं मुलांच्या लक्षात राहतं, मॅडम.”

“काय लक्षात राहतं? ओळ की चाल?”

घरी जाताना मी तोच प्रश्न घोळवत राहिलो.

शाळेत आमच्या गुरुजींनी सगळी वृत्तं चालीवर पाठ करून घेतली होती. त्यांचे उपकार मोठे आहेत, त्या चालींवरच मी पास झालो. पण तिथं सोय अशी होती की अक्षरगणवृत्तात लघु-गुरूंचा क्रम प्रत्येक ओळीत तोच असतो. एक चाल सगळ्या ओळींना पुरते.

लॅटिनच्या हेक्झामीटरमध्ये तसं नाही. ओळीचे सहा टप्पे. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन, आणि प्रत्येक टप्पा चार मात्रांचा. टप्प्याची सुरुवात गुरूनेच होते. पुढे एक गुरू घ्यायचा की दोन लघु, हे कवी ओळीओळीला बदलतो. फक्त पाचव्यात सहसा दोन लघु असतात आणि सहावा दोन अक्षरांत संपतो. अशा ओळीला ठरीव चाल लावली, की जिथं बसत नाही तिथं मुलं लघु अक्षर ओढून लांब करतात. चाल शाबूत राहते, छंद मोडतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चाल बंद केली. लेझीम सगळ्यांनीच शाळेत खेळलेली. मी म्हटलं, ढोलाचा ठोका ठरलेला असतो, त्या ठोक्यात हात एकदा हलवायचा की दोनदा, ते डावावर. टप्प्याला एक ठोका, बाकावर. तोंडानं नुसतं बोलायचं.

पहिले काही दिवस वाईट गेले. ठोका धरला की शब्द सुटायचे. शेवटी मी म्हटलं, लॅटिन बाजूला ठेवा, याच मापात मराठीत एक ओळ करून आणा.

दुसऱ्या दिवशी सुनीता उशिरा आली आणि दारातूनच म्हणाली, “सर, ओळ झाली. रस्त्यातच झाली.” साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. तिनं फळ्यावर लिहिलं:

ट्रॅक्टर आला घेउन ऊस नि वाट मिळेना
मालक, बाजुस घ्या की, लेक्चर हाय सकाळी

आम्ही ठोका धरला. दोन्ही ओळींत सहा टप्पे बसले. पण पहिलीत दोन गुरूंचा टप्पा दुसरा, दुसरीत तिसरा. एका चालीत दोन्ही गाऊन बघितल्या, तेव्हा लगेच अडखळल्या. वर्गाला जे महिनाभर कळत नव्हतं ते कळलं. मलाही.

दिवाळीनंतर सर आले. सुनीतानं लॅटिन ओळी वाचल्या, न गाता. सरांनी मान हलवली नाही, पण थांबवलंही नाही. मग त्यांचं लक्ष फळ्याकडे गेलं. आम्ही त्या ओळी पुसल्या नव्हत्या. त्यांनी बोटांनी टेबलावर ठोके मोजले.

“पहिली ओळ कुणाची?”

“दोन्ही माझ्याच, सर,” सुनीता म्हणाली.

“मापात आहे. पण बहुतेक टप्पा संपतो तिथंच शब्द संपतो. त्यानं ओळीचे तुकडे पडतात. लॅटिन कवी ओळीच्या मधला एखादा शब्द टप्प्याच्या मध्येच संपवायचे. दुसऱ्या ओळीत तुमचा ‘घ्या’ तसाच संपतो, ती बरी आहे.”

“सर, पहिल्या ओळीत ट्रॅक्टर हाय,” सुनीता म्हणाली. “त्यो बी तसाच थांबत थांबत जातोय की.”

सर हसले नाहीत. तुकडे पडतात ते पडतातच, म्हणाले. मात्र पेपर चालू ठेवायची शिफारस त्यांनी केली.

माझे तास राहिले. पुढं मी कायम झालो, आणि तो भाग बरीच वर्षं शिकवला. दरवर्षी पहिल्या तासाला कुणीतरी विचारायचं, “सर, याची चाल कशी?” मी बाकावर ठोका द्यायचो. पाठांतर झालं म्हणजे समजलं असं नाही, एवढं मला सांगता यायला नोकरी पणाला लागावी लागली.